खेळाडूचा वानप्रस्थ

मनुष्याच्या आयुष्याचे चार आश्रम आपल्या पूर्वजांनीं कल्पिले. त्यांतील क्रम असा कीं, आधीं विद्या, मग संसार, आणि केंस पिकूं लागले व नातवाचें तोंड दिसलें म्हणजे हळूहळू निवृत्ति. या क्रमांत निवृत्तीची तयारी करण्यास पुष्कळ अवधि मिळतो. कचेरींतला कारकून असो कीं शाळेंतला शिक्षक असो, आपण कोणत्या वयाला काम सोडणार हें त्याला नोकरीच्या पहिल्या दिवशींच ठाऊक असतें, आणि त्याचें मन वर्षानुवर्षें त्या दिवसाची सवय करून घेत असतें. परंतु समाजांत एक वर्ग असा आहे कीं, ज्याच्या वांट्याला हा वानप्रस्थ ऐन तारुण्यांत येतो. कसरतपटु मुलगी विशीच्या आसपास, पोहणारा बहुधा तिशीच्या आंत, मल्ल तिशीच्या पुढेंमागें आणि क्रिकेटपटु फार तर चाळिशीला मैदान सोडतो. त्याच्या बरोबरीचे मित्र या वयांत नुकते कोठें आयुष्य मांडूं लागलेले असतात. आणि त्याला मात्र आपलें सर्वांत मोठें काम संपलें असें ऐकून घ्यावें लागतें. गृहस्थाश्रमाच्या उंबरठ्यावरच वानप्रस्थ यावा, अशी ही चमत्कारिक अवस्था आहे.

खेळाडूचा उत्कर्ष सर्वांच्या डोळ्यांपुढें घडतो. त्याचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत येतात, गांवांत मिरवणुकी निघतात, सत्कार होतात. परंतु तो खेळ सोडतो त्या दिवसापासून पुढें काय होतें, याची चौकशी क्वचितच होते. हा प्रश्न केवळ पांचपन्नास नामांकितांचा असता, तर तो त्यांच्या चरित्रकारांवर सोंपवून भागलें असतें. पण आज मुंबई-पुण्यापासून नागपूर-कोल्हापुरापर्यंत कितीतरी घरांत मुलांना पहांटे पांच वाजतां उठवून पोहण्याच्या तलावावर, टेनिसच्या मैदानावर किंवा क्रिकेटच्या नेटवर नेलें जातें; आणि शाळा, सणवार, मामाचें घर हें सारें त्या एका ध्येयापुढें मागें पडतें. यांपैकीं बहुतेक मुलांचा खेळ जिल्ह्याच्या अथवा राज्याच्या संघापाशींच थांबणार, हें उघड आहे. म्हणून खेळ थांबल्यावर माणसाचें काय होतें, हें समजून घेणें जितकें खेळाडूचें तितकेंच आईबापांचेंहि काम आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खेळाडूचें निवृत्तीनंतरचें दुःख म्हणजे पैशाचें दुःख, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तींत तथ्य नाहीं असें नाहीं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें चार सुवर्णपदकें मिळविणारा अमेरिकन धांवपटु जेसी ओवेन्स याला त्याच वर्षीं हौशी खेळाडूंच्या स्पर्धांतून बाहेर व्हावें लागलें, आणि पुढें पोटासाठीं घोड्यांशीं शर्यती लावून लोकांची करमणूक करण्याची पाळी त्याच्यावर आली. महाराष्ट्रांतील उदाहरण खाशाबा जाधवांचें. सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवच्या या मल्लानें १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीनें त्यांचें स्वागत झालें. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार म्हणून दाखल झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळें १९५६ च्या ऑलिंपिकची आशा मावळली, आणि तिशीच्या उंबरठ्यावर त्यांच्या मोठ्या कुस्त्या संपल्या. खात्यांतील नोकरी मात्र त्यांनीं पुढें १९८३ पर्यंत केली. १९८४ सालीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचें निधन झालें. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यानंतर. नोकरी होती म्हणून घर चाललें. परंतु ज्या समाजानें बैलगाड्या जुंपल्या होत्या, त्यानें नंतर कित्येक वर्षें त्यांच्याकडे वळूनहि पाहिलें नाहीं.

तेव्हां भाकरीचा प्रश्न सुटला म्हणजे खेळाडूचा प्रश्न सुटला, असें नव्हे. आपल्या देशांत खेळाडूंना नोकऱ्या देण्याची चाल जुनी आहे. रेल्वेचें क्रीडामंडळ १९२८ सालापासूनचें; पोलीस, सैन्य, बँका यांचेहि संघ आहेत. पण अशा नोकरींतील खेळाडूचें खरें काम मैदानावर असतें. हजेरीपटावर नांव असतें, वर्ष मात्र शिबिरांत आणि स्पर्धांत जातें. पस्तिशीला खेळ सुटतो आणि तो पहिल्यांदाच आपल्या खुर्चीवर खऱ्या अर्थानें बसतो. शेजारचा पंचविशींतला कारकून त्याच्याहून अधिक जाणता असतो. साहेबाची सही कोठें घ्यावी हेंहि त्यालाच विचारावें लागतें. पगार वेळेवर होतो, तरीहि त्या खुर्चीवर बसलेला माणूस कोण, हें त्याचें त्यालाच उमगत नाहीं. खेळाडूच्या निवृत्तीचें मर्म येथें आहे.

खेळ सुटतो तेव्हां माणसाच्या हातून नेमकें काय जातें, हें एकेक करून पाहिलें पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ. दहापंधरा वर्षें त्याचा दिवस दुसऱ्यानें आंखून दिलेला असतो. केव्हां उठावें, काय खावें, किती धांवावें, केव्हां विसावा घ्यावा, हें सारें वस्ताद किंवा प्रशिक्षक ठरवितो. एके दिवशीं ती आंखणी नाहींशी होते. पहांटे पांचला जाग मात्र येत राहते. दुसरी गोष्ट म्हणजे सोबत. तालमींतले अथवा संघांतले सोबती हेच त्याचे मित्र, कारण इतर मित्र जोडण्यास त्याला सवडच नव्हती. ते पुढच्या स्पर्धेच्या गांवीं निघून जातात आणि हा मागें राहतो. भांडण झालेलें नसतें, प्रेम आटलेलें नसतें. पण बोलण्याचा विषय संपलेला असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे माप. खेळांत माणसाला आपली किंमत रोजच्या रोज कळते. शर्यत किती सेकंदांत संपविली, किती धांवा झाल्या, कोण चीत झाला, याविषयीं शंका उरत नाहीं. संसारांत किंवा कचेरींत असें माप नसतें. वर्षभर राबल्यावरहि आपण चांगलें केलें कीं वाईट, हें सांगणारा फलक तेथें लागत नाहीं. ज्याला आंकड्यांची सवय लागली त्याला हें धुकें फार जड जातें. चौथी गोष्ट म्हणजे टाळी. ती लाखो लोकांची असो वा गांवच्या जत्रेंतील चारशें माणसांची असो, तिची भूक सारखीच असते, आणि ती एकाएकीं बंद होते.

परंतु या चारहि गोष्टींच्या तळाशीं पांचवी एक गोष्ट आहे, आणि खरी जखम तेथें होते. 'तूं कोण?' या प्रश्नाचें उत्तर माणूस निरनिराळ्या प्रसंगीं निरनिराळें देतो. तो कोणाचा मुलगा असतो, कोणाचा भाऊ असतो, कोठें नोकरीला असतो, कोठें भजनाला जातो. यांतील एक नातें तुटलें तरी बाकीचीं त्याला धरून ठेवतात. खेळाडूचें मात्र पुष्कळदां असें होतें कीं, घरांत, शाळेंत, आळींत, वर्तमानपत्रांत, सगळीकडे त्याला एकाच नांवानें हांक मारली जाते, आणि हळूहळू तोहि स्वतःला त्याच नांवानें हांक मारूं लागतो. 'मी खेळाडू आहें' हें त्याचें पहिलें उत्तर असतें, आणि दुसरें उत्तर नसतेंच. मग खेळ गेला कीं उत्तर जातें आणि प्रश्न तसाच उभा राहतो.

या जाणिवेला, म्हणजे माणूस स्वतःला किती अंशीं खेळाडू समजतो याला, मानसशास्त्रांत अलीकडे शास्त्रीय रूप मिळालें आहे. १९९३ सालीं ब्रूअर, व्हॅन राल्टे आणि लिंडर या तीन अमेरिकन अभ्यासकांनीं हें खेळाडूपण मोजण्याचें एक साधन प्रसिद्ध केलें. त्यांत दहा विधानें असून प्रत्येक विधान आपणांस किती लागू पडतें हें खेळाडूनें सातपैकीं गुण देऊन सांगावयाचें असतें. आपले बहुतेक मित्र खेळाडूच आहेत कां, खेळाचे विचार इतर सर्व विचारांहून अधिक वेळ घेतात कां, दुखापत होऊन खेळतां आलें नाहीं तर मन खचेल कां, अशा धर्तीचीं तीं आहेत. आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच त्यांनीं प्रश्न विचारला होता कीं, हें खेळाडूपण म्हणजे ग्रीक वीर हर्क्युलिस याचे स्नायु समजावे, कीं अकिलिस याची ती टांच, जेथें बाण लागून तो मेला?

मराठी वाचकाला येथें ग्रीक वीरांची गरज नाहीं. दुर्योधनाची मांडी त्याच्या ओळखीची आहे. गांधारीच्या दृष्टीनें त्याचें सारें शरीर वज्राचें झालें आणि झांकलेली मांडी तेवढी कच्ची राहिली, अशी कथा लोकांत प्रचलित आहे. एकनिष्ठ खेळाडूपण असेंच आहे. तें पहांटे उठवितें, दुखणाऱ्या पायांवर उभें करतें, मोह बाजूस सारतें. त्याच्यावांचून कोणीहि मोठा खेळाडू झालेला नाहीं. म्हणून खेळाडूपण वाईट, असें म्हणण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु जें बळ देतें तेंच एके ठिकाणीं मर्मस्थान होऊन बसतें. दुखापतीचा, संघांतून वगळलें जाण्याचा किंवा वयाचा घाव त्या ठिकाणीं बसला म्हणजे वज्राचें बाकीचें शरीर कांहीं कामाचें नसतें.

हें मर्मस्थान कच्चें कां राहतें, याचेंहि एक उत्तर अभ्यासकांनीं दिलें आहे. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञानें १९६६ सालीं असें दाखविलें कीं, तरुण माणूस स्वतःविषयीं निश्चय करतो तो दोन तऱ्हांनीं. कोणी चार वाटा चांचपून, अडखळून, एक निवडतो. कोणी दुसऱ्यानें दाखविलेली वाट चांचपणी न करतांच पक्की धरतो. दुसऱ्या प्रकारचा मुलगा बाहेरून फार शहाणा दिसतो. त्याला काय व्हावयाचें आहे हें दहाव्या वर्षींच ठाऊक असतें, आणि आईबाप कौतुकानें तें पाहुण्यांना सांगतात. चित्रें काढणें, पेटी वाजविणें, कोणाशीं तासभर निरर्थक गप्पा मारणें, यांतून इतर मुलांना आपल्या आवडीनिवडींचा जो शोध लागतो, तो त्याला लागत नाहीं. हा शोध बुडत नाहीं; तो फक्त लांबणीवर पडतो. पंधराव्या वर्षीं जो प्रश्न खेळींमेळींत सुटला असता, तो तिसाव्या वर्षीं एकाकीपणांत सोडवावा लागतो.

याचें एक ठळक उदाहरण स्वीडनच्या ब्यॉर्न बोर्ग याचें आहे. १९७६ पासून १९८० पर्यंत ओळीनें पांच वर्षें विंबल्डन जिंकणाऱ्या या टेनिसपटूनें १९८३ च्या जानेवारींत, अवघ्या सव्विसाव्या वर्षीं, खेळ सोडल्याचें जाहीर केलें. पैसा होता, कीर्ति होती, आणि खेळ सोडण्याची सक्तीहि कोणी केली नव्हती. पुढें व्यवसायांत त्याला अपयश आलें. १९९१ सालीं तो माँटे कार्लो येथें पुन्हां मैदानावर उतरला, तोहि हातांत जुनी लांकडी रॅकेट घेऊन. मधल्या आठ वर्षांत सारें टेनिस नव्या, हलक्या आणि ताकदवान रॅकेटींवर गेलें होतें. तो पहिलाच सामना सरळ हरला, आणि पुनरागमनाच्या त्या दोनतीन वर्षांत त्याला एकहि सामना जिंकतां आला नाहीं. त्याच्या मनांत काय होतें हें दुसऱ्यानें सांगूं नये. परंतु जुनें आयुध घेऊन जुन्या जागीं परत जाणें हें पुष्कळ निवृत्त खेळाडूंच्या मनांत चालतें, बोर्गनें तें जगासमोर केलें एवढेंच.

अमेरिकेच्या मायकेल फेल्प्स या जलतरणपटूची हकीकत अधिक बोलकी आहे, कारण ती त्यानें स्वतः सांगितली आहे. पंधराव्या वर्षापासून ऑलिंपिकमध्यें उतरलेल्या या खेळाडूनें एकंदर २८ पदकें मिळविलीं, त्यांतील २३ सुवर्णाचीं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकनंतर त्यानें निवृत्ति घेतली, आणि त्यानंतरच्या काळांत आपण जगूं नये असें वाटण्यापर्यंत मजल गेली होती, हें त्यानें पुढें उघडपणें सांगितलें. आपण स्वतःकडे केवळ एक पोहणारा म्हणून पाहत होतों, माणूस म्हणून नव्हे, असें त्याचें निदान आहे. २०१४ सालीं दारू पिऊन मोटार चालविल्याबद्दल त्याला अटक झाली, आणि त्यानंतर त्यानें उपचार घेतले. २०१६ सालीं तो रिओ येथें पुन्हां पोहला व पांच सुवर्णपदकें आणि एक रौप्यपदक घेऊन परतला. परंतु त्याच्या हकीकतींतील मोलाची गोष्ट पदकांची नव्हे, मदत मागण्याची आहे. इतक्या बळकट माणसाला मदत मागण्याची लाज वाटली नाहीं, हें आपल्याकडील तालमींत आणि घरांत मोठ्यानें सांगण्यासारखें आहे.

याउलट दुसरें चित्र पाहावें. ज्या हेलसिंकी नगरांत खाशाबा जाधवांनीं पदक मिळविलें, त्याच ऑलिंपिकमध्यें रॉजर बॅनिस्टर नांवाचा एक इंग्रज तरुण १५०० मीटरच्या शर्यतींत चौथा आला आणि त्याचें पदक हुकलें. तो वैद्यकाचा विद्यार्थी होता. दुपारच्या सुट्टींत थोडा वेळ काढून तो धांवण्याचा सराव करी व पुन्हां रुग्णालयांत जाई. ६ मे १९५४ रोजीं ऑक्सफर्ड येथें त्यानें एक मैल अंतर ३ मिनिटें ५९.४ सेकंदांत कापलें. चार मिनिटांच्या आंत मैल धांवणारा तो पहिला मनुष्य. त्याच वर्षाच्या अखेरीस, पंचविसाव्या वर्षीं, त्यानें स्पर्धा सोडल्या आणि तो मज्जासंस्थेचा नामांकित वैद्य झाला. धांवण्याच्या विक्रमापेक्षां वैद्यकांतील आपलें काम आपणांस अधिक मोलाचें वाटतें, असें ते सर रॉजर उतारवयांत सांगत असत. बोर्ग आणि बॅनिस्टर या दोघांनींहि खेळ सोडला तो विशींतच आणि आपखुषीनें. फरक इतकाच कीं, एक खेळांतून बाहेर पडला तेव्हां पुढची वाट आंखलेली नव्हती. दुसरा एका दारांतून बाहेर पडतांना दुसऱ्या दारांत शिरत होता, आणि तें दार त्यानें खेळत असतांनाच उघडून ठेवलें होतें.

खेळ संपतो तो कोणत्या तऱ्हेनें, यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. अभ्यासकांनीं त्याच्या मुख्य चार तऱ्हा सांगितल्या आहेत: वय, निवडींतून वगळणें, दुखापत आणि स्वतःची इच्छा. यांपैकीं शेवटची सर्वांत सुखाची, कारण तींत सूत्र आपल्या हातीं राहतें. विजय मर्चंट यांनीं १९५१ सालीं दिल्ली येथें इंग्लंडविरुद्ध १५४ धांवा काढल्या. त्याच सामन्यांत क्षेत्ररक्षण करतांना त्यांचा खांदा दुखावला, आणि तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. लोक 'कां सोडतां?' असें विचारीत असतांनाच खेळ सोडावा, 'कां सोडीत नाहीं?' असें विचारूं लागण्याची वाट पाहूं नये, हें वचन त्यांच्या नांवावर सांगितलें जातें. पुढें मुंबईंत गिरणीचा व्यवसाय, निवड समितीचें अध्यक्षपद, नभोवाणीवरील क्रिकेटचा कार्यक्रम आणि अंधांच्या कल्याणाचें काम, यांत त्यांचीं उरलेलीं वर्षें भरून गेलीं. घरची श्रीमंती त्यांच्या पाठीशीं होती हें खरें. परंतु अंधांच्या कामाला माणूस श्रीमंतीनें जात नाहीं.

निरोपाची गोष्टहि लहान नव्हे. मुंज, लग्न, साठी-शांत असे आयुष्याच्या प्रत्येक वळणावर आपल्या समाजानें संस्कार ठेवले, ते उगीच नव्हेत. जुनें संपलें आणि नवें सुरू झालें, हें चारचौघांसमोर सांगितल्यानें मन त्याला कबूल होतें. १६ नोव्हेंबर १९१३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर यांनीं दोनशेंवा कसोटी सामना संपवून निरोप घेतला, तेव्हां सारा देश त्या संस्काराला हजर होता. परंतु शंभरांतील नव्व्याण्णवांना असा निरोप मिळत नाहीं. संघाची यादी भिंतीवर लागते आणि तींत आपलें नांव नसतें, एवढाच काय तो त्यांचा निरोप. दुसऱ्या वर्षींहि नसतें. आणि आपण निवृत्त झालों, हें त्यांना कोणी न सांगतांच कळतें. तालुक्याच्या संघानें एक नारळ, एक शाल आणि दोन शब्द एवढें जरी केलें, तरी त्याचें मोल पदकाहून कमी ठरणार नाहीं.

शरीराचीहि एक बाजू आहे, ती थोडक्यांत सांगतां येईल. मोठ्या सरावानें कमावलेला दम सराव थांबल्यावर कांहीं आठवड्यांतच उतरूं लागतो. भूक मात्र तितक्या लवकर उतरत नाहीं. तालमींतल्या मल्लाचे जोर आणि बैठका थांबतात, दूध-तुपाचा खुराक चालूच राहतो, आणि तेंच अंग चारदोन वर्षांत ओझें होऊन बसतें. म्हणून व्यायाम एकदम सोडूं नये, तो पायरीपायरीनें कमी करावा व आहारहि त्याबरोबर उतरवावा. याचा मनालाही उपयोग होतो. कारण व्यायाम थांबल्यानें मन अधिकच मलूल होतें, आणि घरची माणसें त्याला आळस समजतात.

आतां एक रास्त शंका. पुढच्या आयुष्याचा विचार खेळतांनाच करूं लागल्यास खेळावरचें लक्ष उडणार नाहीं कां? पुष्कळ प्रशिक्षक असें मानतात आणि मुलांना पुस्तकांपासून दूर ठेवतात. परंतु अनुभव याच्या उलट आहे. ऑस्ट्रेलियांतील रग्बी लीगच्या खेळाडूंवरचा एक अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत निवृत्तीनंतरची तयारी करणाऱ्या खेळाडूंची मैदानावरील कामगिरी घसरण्याऐवजीं सुधारल्याचें दिसलें. त्याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. ज्याला एका सामन्यावर आपलें सारें अस्तित्व पणाला लावावें लागत नाहीं, त्याचा हात अधिक मोकळा चालतो. त्याआधीं २०१३ सालीं या विषयावरील १२६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यांत आला होता. त्यांतहि खेळाडूपणाचा एकेरीपणा, निवृत्ति स्वेच्छेची आहे कीं सक्तीची, आधींची तयारी आणि भोंवतालच्या माणसांचा आधार या गोष्टी पुनःपुन्हां महत्त्वाच्या ठरल्या.

हें ओळखून संस्थांनींहि पाऊल टाकलें आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २००५ सालीं खेळाडूंच्या शिक्षणाची व नोकरीची वाट दाखविणारी योजना सुरू केली. युरोपीय संघानें २०१२ सालीं खेळ आणि शिक्षण बरोबर चालविण्याचीं मार्गदर्शक तत्त्वें घालून दिलीं. भारत सरकारनेंहि २०२४ सालीं निवृत्त खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठीं 'रिसेट' नांवाचा कार्यक्रम जाहीर केला. हें सर्व स्वागतार्ह आहे. मात्र निवृत्त खेळाडू म्हणजे आयताच प्रशिक्षक, ही समजूत सोडली पाहिजे. शिकविणें ही निराळी विद्या आहे. ज्याला स्वतःला चेंडू कसा लागतो हें कधीं शब्दांत मांडावें लागलें नाहीं, त्याला तें दुसऱ्याला सांगतां येईलच असें नाहीं. आणि सर्वांना पुरतील इतक्या जागाहि नाहींत. खेळांतील चिकाटी इतरत्र उपयोगी पडते हें खरें, पण ती आपोआप पडत नाहीं. हरल्यावर दुसऱ्या दिवशीं पुन्हां मैदानावर जाण्याची आपली संवय हीच एक कला आहे, आणि ती दुकानांत, शेतींत किंवा कचेरींत वापरतां येते, हें त्याला कोणीतरी दाखवून द्यावें लागतें.

परंतु संस्था येतात त्या शेवटीं. घर असतें तें पहिल्या दिवसापासून. मूल मैदानावरून घरीं येतें तेव्हां दारांतच त्याला कोणता प्रश्न विचारला जातो, यावर पुष्कळ ठरतें. 'जिंकलास कां?' हा एकच प्रश्न रोज विचारला गेला, तर आपली घरांतील जागा त्या उत्तरावर आहे, असें तें समजूं लागतें. 'आज कोण भेटलें?', 'काय शिकलास?', 'जेवायला काय हवें?' या प्रश्नांत मुलाची दुसरी ओळख शाबूत राहते. त्याची शाळा सोडवूं नये. परीक्षेंत कमी गुण मिळाले तर चालतील, वर्ग आणि वर्गमित्र सुटूं नयेत. खेळाशीं ज्यांचा कांहीं संबंध नाहीं असे दोन मित्र आणि ज्याला बक्षीस नाहीं असा एक छंद, एवढा ठेवा प्रत्येक खेळाडू मुलाजवळ असावा. पाहुण्यांपुढें त्याची ओळख करून देतांना 'आमचा चॅम्पियन' असें म्हणण्याचा मोह होतो; त्याऐवजीं त्याचें नांव सांगावें. नांव पुढेंहि राहणार असतें.

आणि ज्यांच्या घरीं खेळ सोडलेला तरुण आज बसलेला आहे, त्यांनीं त्याला 'आतां विसर तें सारें' असें म्हणूं नये. जें गेलें तें खरोखरीचें होतें, आणि त्याचा शोक करण्यास वेळ द्यावा लागतो. त्याच्याकडून खेळाच्या गोष्टी ऐकाव्या, त्याला पुन्हां मैदानावर जाऊं द्यावें, पण गुणफलकाशिवाय, नुसता आनंदासाठीं. लहानपणीं त्यानें खेळ धरला तो याच आनंदासाठीं होता. महिनेच्या महिने तो अंथरूण सोडीनासा झाला, बोलेनासा झाला किंवा व्यसनाकडे वळला, तर त्याला वैद्याकडे नेण्यांत क्षणाचाहि उशीर करूं नये. मोडलेल्या हाडासाठीं आपण लाजत नाहीं, तशी येथेंहि लाज नको.

पूर्वजांनीं वानप्रस्थाची जी कल्पना केली, तींत एक शहाणपण आहे. वानप्रस्थ हा शेवटचा आश्रम नव्हे. तो दोन आश्रमांच्या मधला आहे. घर सोडून जाणारा मनुष्य तेथें रिकाम्या हातांनीं बसत नाहीं, पुढच्याची तयारी करतो. खेळाडूला तर हा आश्रम तिसाव्या वर्षींच मिळतो, आणि त्याच्यापुढें अजून अर्धें आयुष्य उरलेलें असतें. तें आयुष्य मागच्या पराक्रमाची आठवण काढण्यांत घालवावयाचें, कीं त्या पराक्रमानें घडविलेला माणूस दुसऱ्या कामाला लावावयाचा, याचा निकाल निवृत्तीच्या दिवशीं लागत नाहीं. तो लागतो त्याच्या कितीतरी आधीं, मूल पहिल्यांदा मैदानावर जातें त्या वर्षांत, आणि तो लावण्याचें पुष्कळसें सामर्थ्य घरच्या माणसांच्या हातीं असतें.